आधी नाव, मग गुडघा

पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवावं अशी वेळ माझ्यावर येणार नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. धरणातून किती क्यूसेक सोडले की रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागतं, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगतो. पावसाळ्यात पंचवटीतल्या आमच्या गल्लीत बातम्या कुणी बघत नाही, सगळे मला विचारतात, "अहिरेकाका, किती सोडलं?" मी आकडा सांगतो आणि भाजीवाल्या बाया टोपल्या उचलायला लागतात. तर असा हा माणूस एका रविवारी सकाळी आठला अलिबागच्या किनाऱ्यावर अकरा अटींचं पत्र हातात घेऊन उभा होता, आणि समोर समुद्र नव्हता.

सुरुवात झाली ती आक्काच्या गुडघ्यापासून. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण झुंबरबाई. वय बासष्ट, मुक्काम नामपूर. तिचा उजवा गुडघा पार गेलेला. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलायलाच हवा. मी महिनाभर खेटे घालून तारीख मिळवली: रविवारी संध्याकाळी सहाच्या आत दाखल व्हायचं, सोमवारी सकाळी ऑपरेशन. ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. एवढं सगळं जुळवून आणलं, आणि आक्का सहीचा कागद बाजूला सारून म्हणाली, "आधी नाव, मंग गुडघा."

"कसली नाव?"

"समिंदरमा. तू सहावीमा व्हता तवय माले सांगेल व्हतं. मोठा झाया का तुले समिंदरमा नावमा बसाडसू. भाऊ, तू मोठा झाया, आते रिटायर व्हवाले उना. माले नावमा बसानं शे."

मोठा झालो की तुला समुद्रात नावेत बसवीन, असं सहावीत असताना मी तिला म्हणालो होतो म्हणे; मला काही म्हणजे काही आठवेना. पण आक्का खोटं बोलत नाही आणि विसरत नाही, हे तिचे दोन दुर्गुण घरात सगळ्यांना ठाऊक आहेत. डॉक्टरांनी समजावलं, बायकोने समजावलं. आक्काचं एकच: ऑपरेशनात काही झालं तर नाव राहून जाईल. तिला भूल द्यायच्या सुईची भीती वाटत होती, हे मला उशिरा कळलं. त्या वेळी मी फक्त चिडलो आणि म्हणालो, "ठीक आहे. नाव तर नाव. आठवड्यात व्यवस्था करतो."

आता, सरकारी माणूस कोणतीही गोष्ट नुसती करत नाही. तो आधी तीन दरपत्रकं मागवतो. सरिता, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "अहो, एक नाव भाड्याने घ्यायचीय, कालवा नाही खोदायचा." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मी एक प्रवासी माहितीपत्रक तयार केलं. नाव, वय, वजन, रक्तगट, पोहता येते का, शिक्षण. आक्काचे आजवरचे सगळे फॉर्म मीच भरत आलोय, त्यामुळे हात आपोआप चालला: पोहता येते का, नाही. शिक्षण, तिसरी.

"नावेत बसायला शिक्षण कशाला लागतं?" सरिताने विचारलं.

"रकाना असतो," मी म्हणालो.

पहिल्या नाववाल्याचा पत्ता खालच्या मजल्यावरच्या रविराजने दिला. रविराज दोनदा गोव्याला जाऊन आलेला आहे आणि तेव्हापासून समुद्र या विषयावर आमच्या इमारतीत त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. त्याने मला सांगितलं की नावेत बसण्याआधी अर्धं लिंबू चोखावं, नावेत मधोमध बसावं, खलाशाशी ओळख काढावी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "काका, पाण्याचा मामला आहे, मुहूर्त बघा." त्याने सांगितलेली नाव फोनवरून कळली त्याप्रमाणे नाव नसून पाण्यावरची मोटारसायकल होती. मी त्या गृहस्थांना आक्काच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "गुडघ्यानेच तर पकडायचं असतं सर." मी तक्त्यात शेरा लिहिला: अपात्र.

दुसरी एक कंपनी होती. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "सर, बर्थडे आहे, ॲनिव्हर्सरी आहे की बॅचलर पार्टी?" मी म्हणालो, गुडघा आहे. ती म्हणाली, "नो प्रॉब्लेम सर, तेही सेलिब्रेट करू." त्यात फुगे होते, केक होता, नाच होता आणि वीस माणसं किमान आणायची अट होती. आमच्या घरात वीस माणसं फक्त कुणी गेलं की जमतात. मी नम्रपणे फोन ठेवला.

तिसरा नंबर मला गोरक्षने दिला. हा माझा कचेरीतला सहकारी, पूर्वी तीन वर्षं रायगडला होता. म्हणाला, "हिराजी नाखवा. मासेमारीची नाव आहे, पण माणूस सोन्यासारखा. त्याला विचार आणि तो सांगेल तसं कर." या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी पाळला.

मुहूर्त मात्र मी सोडला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गुरुजी राहतात. त्यांनी पंचांग उघडलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नौकारोहण. बऱ्याच वर्षांनी कुणी विचारलं." मग रविवार काढला. माघ शुद्ध तृतीया, सकाळी आठ वीस ते नऊ. दुसऱ्या वेळा होत्या, पण मला हीच सोयीची वाटली. आठ वीसला बसायचं, तासाभरात फिरून यायचं, साडेनऊला गाडी काढायची, चार वाजता नाशिक आणि सहाच्या आत आक्का दवाखान्यात. कागदावर सगळं इतकं नीट बसलं की मी तो कागद सरिताला दोनदा वाचून दाखवला.

हिराजी नाखव्याला फोन केला तेव्हा आक्का माझ्या शेजारीच लसूण सोलत बसली होती. मी म्हणालो, "रविवारी सकाळी आठ वीस."

पलीकडून आवाज आला, "सायेब, तिथी कंची हाय त्या दिशी?"

मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस देवाधर्माचा दिसतो. "तृतीया," मी सांगितलं.

"तिज? मग सायेब आठ वीसला कसं..."

"मुहूर्त आहे," मी म्हणालो.

"ते बराबर हाय. पन सायेब, पानी..."

इथे माझी मान ताठ झाली. "हे बघा नाखवा, मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आहे. पाण्याचं मला सांगू नका. वेळेत बदल होणार नाही."

मग तो म्हणाला, "बरं. तुमी या तं खरं." मी लगेच अकरा अटींचं पत्र त्याच्या मोबाईलवर पाठवलं. अट क्रमांक चार: प्रवासी ठीक ८.२० वाजता नावेत स्थानापन्न होतील. अट क्रमांक सात: याबाबत कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. खाली सवयीने 'आज्ञेवरून' असं लिहिलं. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. आक्काने लसणाची पाकळी सोलता सोलता माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची पाकळी घेतली.

शनिवारी निघालो. मी, सरिता, आक्का आणि आक्काची कांद्याची गोणी. नामपूरचा माणूस कुणाच्या दारी कांद्याशिवाय जात नाही. मी म्हटलं, आपण नावेचं भाडं देणार आहोत, पाहुणे म्हणून चाललेलो नाही. आक्का म्हणाली, "तरी बी." गोणी मागच्या सीटवर सरिता आणि आक्काच्या मधे बसली आणि वाटेत प्रत्येक वळणावर सरिताच्या अंगावर कलली. रात्री लॉजवर झोपलो. खिडकीतून लाटांचा आवाज येत होता, म्हणजे समुद्र जागेवर होता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

सकाळी किनाऱ्यावर पोचलो तर जिथे पाणी असायला हवं तिथे ओली काळी वाळू आणि चिखल. लांबवर, आपल्या गोदावरीपेक्षाही बारीक, एक चकाकती रेघ. माणसं चपला हातात घेऊन समुद्रातल्या किल्ल्याकडे चालत निघाली होती. एक बाई कडेवर मूल घेऊन समुद्रातून चालली होती आणि तिच्या साडीचा काठसुद्धा भिजत नव्हता. आणि आमची नाव, निळी, पांढऱ्या पट्ट्याची, चिखलात एका कुशीवर रेलून पडली होती.

माझा हात आपोआप फोनकडे गेला. आमच्याकडे पाणी कमी झालं की वर कुणाला तरी फोन करायचा असतो. पण इथे वर कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

"नाखवा!" मी ओरडलो. "पाणी कुठाय?"

हिराजी नाखवा नावेजवळून चालत आला. साठीचा, काळा, ठेंगणा, डोक्यावर लाल टोपी. "सायेब, तिजेला आठ-सव्वाआठला ओहोटी. पानी पार खाली. मी फोनवर तेच सांगत होतो."

"तिथीचा आणि पाण्याचा काय संबंध?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्या नजरेत, दया होती, आणि ती जास्त लागली. म्हणाला, "तिथीची पाऊणपट करायची सायेब. तिजेची पाऊण सव्वादोन. सव्वादोनला पुरी भरती. त्याच्या सहा तास आधी पुरी ओहोटी. आमी बी पंचांगच बघतो."

म्हणजे तेच पंचांग. गुरुजींनी ज्या पानावरून मला मुहूर्त काढून दिला, त्याच पानावर हा माणूस समुद्र वाचत होता. आणि मी त्याला पाण्याबद्दल बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

"मग तुम्ही होकार का दिलात?" माझा आवाज चढला, कारण चूक माझी होती.

"मला वाटलं, नाशिकची मानसं, देवाधर्माची. मुहूर्तावर नावेत बसून पूजा करायची आसंल. तुमी लिवलंय ना, आठ वीसला नावेत बसनार. नाव हलायला पायजे आसं कुठं लिवलंय?"

मी पत्र उघडून अट चार वाचली. सरितानेही माझ्या खांद्यावरून वाचली. नाव हलेल असं त्यात खरोखरच कुठे नव्हतं. एकतीस वर्षांत मी ठेकेदारांच्या शेकडो पत्रांत पळवाटा शोधल्या, आणि स्वतःच्या पत्रात एवढी मोठी ठेवली.

"पाणी येईल कधी?"

"नाव उचलायला साडेअकरा तरी व्हतील."

मी मनात हिशेब मांडला. साडेअकराला नाव उचलणार, एक-दीडला निघणार, नाशिकला आठ. दवाखाना सहाला. म्हणजे नाव की गुडघा, असा सरळ प्रश्न उभा राहिला. न फिरता परत नेलं तर आक्का सही करणार नाही, आणि फिरवून नेलं तर दाखल करून घेणार नाहीत. मी चिखलाच्या काठावर उकिडवा बसलो. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. तिने जन्मात माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती आणि ती मी तुलनात्मक तक्ता करून घालवली होती.

आक्का मात्र काठी टेकून शांतपणे नावेकडे पाहत होती. "कितला वाजनात?" तिने विचारलं.

"आठ दहा."

"मंग चाल ना. वीसले बसानं शे ना?"

"आक्का, पाणी नाहीये."

"येई पानी. माले नावमा बसाड."

हिराजीने एक प्लास्टिकची खुर्ची आणली. त्याने आपल्या दोन भावांना हाक मारली. खुर्चीला चार पाय, माणसं तीन. चौथा पाय मी धरला. इस्त्रीची पॅन्ट घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत चिखलात. आक्का खुर्चीत ताठ बसली होती, मांडीवर पिशवी, आणि वाटेत भेटणाऱ्या लोकांना मान हलवून नमस्कार करत होती. नावेच्या खाली एका बाजूला त्यांनी ओंडके लावले, नाव जरा सरळ झाली, आणि बरोबर आठ वीसला माझी बहीण कोरड्या नावेत स्थानापन्न झाली. नाखव्याने नारळ फोडला. अट क्रमांक चार शब्दशः पूर्ण झाली.

"आता उतर, लॉजवर जाऊन बसू," मी म्हणालो.

"मी आठेच बसस. तुम्ही च्या पी या."

ती उतरली नाही. आम्हीही मग नावेतच बसलो. त्या तीन तासांबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच पडेल. हिराजीची बायको गोजराबाई चिखल तुडवत चहा घेऊन आली, मग तांदळाच्या भाकरी आणि वालाची उसळ घेऊन आली, आणि तिसऱ्यांदा आक्काच्या डोक्यावर उन्हासाठी आपली छत्री घेऊन आली. आक्काने कांद्याची गोणी मागवली. गोजराबाईने एक कांदा हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाली, "आवं बाय, यो कांदा हाय का नारळ?" त्यानंतर त्या दोघी एकमेकींची भाषा अर्धीच कळत असूनही दीड तास बोलल्या. विषय गुडघे होता. गोजराबाईने स्वतःचा गुडघा दाखवला, तीन वर्षांपूर्वी बदललेला, आणि त्याच पायाने ती सकाळपासून तीनदा चिखलातून आली होती. भुलीची सुई टोचते का, हे आक्काने तिला अगदी हळू आवाजात विचारलं. ती म्हणाली, "मुंगी चावल्यासारकी. मग झोपच." मी महिनाभर दवाखान्याची माहितीपत्रकं वाचून दाखवून जे काम केलं नव्हतं ते त्या बाईने एका वाक्यात केलं.

इकडे सरिता नावेच्या टोकाला उभी राहून दवाखान्यात फोन लावत होती. शेवटी हर्षाली नावाची सिस्टर मिळाली. सरिताने तिच्यापासून काहीही लपवलं नाही: नणंद नावेत आहे, नाव चिखलात आहे, आणि समुद्र यायचा आहे. पलीकडे ती मुलगी पोट धरून हसली असावी, कारण सरिताही हसायला लागली. मग सिस्टर म्हणाली, "साडेआठपर्यंत आणा. माझी ड्यूटी नऊपर्यंत आहे, मी डॉक्टरांना सांगून ठेवते." मी त्या सिस्टरला तोवर पाहिलंही नव्हतं. पण मी नावेत उभा राहून, नाशिकची दिशा कुठली हे नीट न कळल्यामुळे अंदाजाने, हात जोडले.

पाणी कधी आलं ते कळलंच नाही. आधी चिखलातल्या खड्ड्यांत चमकायला लागलं, मग खड्डे एकमेकांना मिळाले, मग नावेच्या बुडाला बारीक चुबुकचुबुक व्हायला लागलं. किल्ल्याकडे चालत गेलेली माणसं घाईने परत येत होती. साडेअकराच्या सुमाराला नाव एकदा कुरकुरली, डोलली आणि उचलली गेली. आक्काने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. हिराजीने इंजिन सुरू केलं.

खोल पाण्यात गेल्यावर त्याने इंजिन बंद करून नाव नुसती तरंगत ठेवली. चारी बाजूंना पाणी. आक्काने हात खाली सोडून पाण्याला लावला, मग तो हात डोळ्यांना लावला. तिच्या डोळ्यांत मीठ गेलं की काय ते मला कळलं नाही.

मी म्हणालो, "आक्का, सकाळी तू एवढी शांत कशी होतीस? मला वाटलं सगळं गेलं."

ती समोर बघत राहिली. मग बोलायला लागली, आणि मी चमकलो, कारण ते आमच्या घरचं बोलणं नव्हतं. "समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. उतरलेले पाणी सुमारे सहा तासांनी परत..." इथे ती थांबली, एक श्वास घेतला, आणि म्हणाली, "येते."

मला एकदम सगळं दिसलं. नामपूरचं खळं, कांद्याचा ढीग, आक्का कांदे निवडतेय, सतरा वर्षांची, आणि मी सहावीच्या भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचतोय. मला शिकवायचं म्हणून तिची शाळा तिसरीत बंद केली होती. 'परत' या शब्दावर पान संपायचं. मी पान उलटायचो आणि मग 'येते' वाचायचो. पंचेचाळीस वर्षांनी ती त्याच जागी थांबली होती.

"हे तुला... अजून?"

"तूच वाचेल व्हतं. मी ऐकेल व्हतं."

"मग परवा मी नाखव्याशी फोनवर बोलत होतो, तेव्हा तू शेजारीच होतीस! का नाही सांगितलंस?"

"तू पानीखाताना सायेब," आक्का म्हणाली. "तुले मी काय सांगू?"

हिराजी नाखवा तोंड फिरवून किल्ल्याकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. सरिताने तर तोंडही फिरवलं नाही.

आठ वीसला, रात्रीच्या आठ वीसला, आम्ही दवाखान्यात पोचलो. माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाची होती. हर्षाली सिस्टर दारातच होती. तिने आक्काला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "मावशी, समुद्र आला का?" आक्का म्हणाली, "उना." मग पेन मागून घेतलं आणि सहीच्या कागदावर सावकाश, अक्षर अक्षर जुळवत, सही केली.

बाकीचा फॉर्म माझ्याकडे आला. नाव, वय, वजन, रक्तगट. शिक्षणाच्या रकान्यापाशी मी थांबलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कोणत्याही रकान्यात चुकीची नोंद केलेली नाही आणि तीही केली नाही. मी लिहिलं: सहावी.